सायकलवाल्यांनी फक्त सायकलविषयीच बोलावे का?

नाशिकमध्ये पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे गट आता शहराच्या जवळजवळ प्रत्येक भागात आहेत. कुणी गंगापूर रस्त्याने सोमेश्वर आणि पुढे गिरणाऱ्याकडे जाते, कुणी त्र्यंबकच्या दिशेने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत, कुणी पांडवलेण्यांवरून मुंबई महामार्गाला लागते, तर कुणी दिंडोरीच्या रस्त्याने द्राक्षबागांमधून फिरून ऑफिसच्या वेळेपर्यंत घरी परत येते. यांतल्या प्रत्येक गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, आणि गेल्या काही वर्षांत अशा बहुतेक ग्रुपांच्या माहितीत एकाच आशयाचा नियम दिसू लागला आहे: येथे फक्त सायकलिंगविषयी लिहावे; राजकारण, धर्म, विनोद, शुभेच्छा आणि वैयक्तिक मते नकोत. काही ग्रुपांनी याच्याही पुढे जाऊन, केवळ अ‍ॅडमिननेच संदेश पाठवावेत अशी सोय लावून घेतली आहे. हा नियम करणारी माणसे सद्‍हेतूनेच तो करतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हा नियम चुकीचा आहे, त्याने सायकलिंगचेच नुकसान होते आणि ज्या धोक्याला घाबरून तो केला जातो तो धोका त्याने टळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही भीती कोठून आली ते पाहिले पाहिजे, कारण ती निराधार नाही. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या महिन्यांत देशभर मोबाइलवरून फिरणाऱ्या अशाच अफवांनी बळी घेतले, आणि त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. केवळ अ‍ॅडमिननेच लिहिण्याची सोयही त्याच वर्षी आली. ग्रुप चालवणाऱ्या सामान्य माणसाने त्या पावसाळ्यानंतर सावध व्हावे हे स्वाभाविक होते. त्यात कायद्याची धास्ती मिसळली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना, एकीने लिहिलेल्या आणि दुसरीने केवळ पसंती दर्शवलेल्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ती आठवण अजून पुसलेली नाही. ‘ग्रुपमध्ये कुणी काही लिहिले तर अ‍ॅडमिनला आत जावे लागते’ हे वाक्य त्यानंतर इतक्या वेळा ऐकू आले की ते कायद्याचे कलमच आहे असे लोकांना वाटू लागले.

कायदा तसे म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली अशा अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. अ‍ॅडमिनच्या जबाबदारीचा प्रश्न तर आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणातून आला होता. सदस्य घेणे आणि सदस्य काढणे याहून फारसा अधिकार नसलेल्या अ‍ॅडमिनला, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू असल्याचे दिसल्याशिवाय जबाबदार धरता येणार नाही, असे त्या न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. समाजांत तेढ पसरवणे, खोट्या अफवा पसरवणे आणि बदनामी करणे हे गुन्हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेतच, आणि ते असले पाहिजेत. मात्र ते गुन्हे करणाऱ्यावर येतात. आपल्या ग्रुपात कुणी महापालिकेवर टीका केली म्हणून रात्री झोप न लागण्याचे अ‍ॅडमिनला कारण नाही.

आता राईनपाड्याच्या प्रकाराकडे पुन्हा पाहू. तेथवर पोचलेली अफवा कुणाच्या गप्पांतून निघाली नव्हती. ती तयार आली होती, आणि ती पुढे पाठवणाऱ्या हजारो माणसांपैकी कुणालाही तिच्या खरेपणाची जबाबदारी आपली आहे असे वाटले नव्हते. माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म येथे आहे. आपल्या ग्रुपांत कटुता आणणारा, द्वेष पसरवणारा, खोटी औषधे आणि खोटा इतिहास सांगणारा जो मजकूर येतो, तो जवळजवळ नेहमीच दुसऱ्या कुणीतरी, कुठेतरी, काही हेतूने बनवलेला असतो आणि सदस्याचे बोट फक्त तो पुढे ढकलते. याउलट जो सदस्य स्वतः चार वाक्ये लिहितो, त्याला ती लिहिताना उद्या पहाटे ज्यांच्याबरोबर निघायचे आहे ते चेहरे दिसत असतात. तो सौम्य होतो, अडखळतो, ‘मला असे वाटते’ असे म्हणतो. ‘फक्त सायकलिंग’ हा नियम या दोघांना एकाच काठीने हाकतो, आणि प्रत्यक्षात पुढे ढकलणारा निर्लज्जपणे चार दिवसांनी पुन्हा ढकलतो, तर स्वतः लिहिणारा संकोचून कायमचा गप्प होतो. म्हणून विषयांवरची बंदी उठवावी आणि तयार मजकूर पुढे पाठवण्यावर कडक बंदी घालावी, असा माझा आग्रह आहे. विषय कोणताही असो; शब्द तुमचे हवेत आणि खाली तुमचे नाव हवे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, लोक सायकलसाठी जमले आहेत, तर त्यांना इतर गप्पा कशाला. हा आक्षेप घेणाऱ्याने लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांचे जग जरा जवळून पाहावे. ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. इतका वेळ माणूस केवळ गिअर आणि टायरविषयी बोलू शकत नाही. तो मुलीच्या दहावीविषयी बोलतो, कंपनीतल्या बदलांविषयी, कांद्याच्या भावाविषयी, आईच्या आजारपणाविषयी, निवडणुकीविषयी बोलतो, आणि त्या बोलण्यामुळेच रात्री दोन वाजता सुनसान रस्त्यावर पंक्चर झालेल्या सोबत्याला सोडून पुढे जाणे त्याला जड जाते. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यानंतर या शहरात किती जणांनी अडगळीतली सायकल बाहेर काढली ते नाशिककरांनी पाहिले आहे. पण त्या उत्साहाला टिकवून धरले ते ओळखींनी. आषाढीच्या आधी दरवर्षी येथून पंढरपूरला सायकल वारी जाते. तिच्यात पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाच्या तरी भरवशावर येतो, आणि असा भरवसा सूचनाफलकावरून तयार होत नाही.

सहज बोलण्यातून काय मिळते याची यादी करायला बसलो तर ती संपणार नाही, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चाळिशी-पन्नाशीत सायकलकडे वळलेल्या पुरुषांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. ही माणसे ‘मला त्रास होतो आहे’ असे औपचारिकपणे कधीही सांगत नाहीत. चढावर आज जरा दम लागला, डावा खांदा रात्रीपासून धरला आहे, ॲसिडिटी असेल, अशी वाक्ये ती बोलता बोलता, दुसऱ्याच विषयाच्या मध्ये, टाकून देतात. ग्रुपात कुणी डॉक्टर असला तर तो ते वाक्य उचलतो आणि ‘उद्या राइडला येऊ नका, आधी ईसीजी काढा’ असे बजावतो. ज्या ग्रुपात फक्त तारीख, वेळ, जमण्याचे ठिकाण आणि शेवटी फोटो एवढेच येते, तेथे हे वाक्य उच्चारायला जागाच राहत नाही. रस्त्याच्या माहितीचेही तसेच आहे. कोणत्या वळणावर खडी सांडली आहे, कोणत्या वस्तीजवळ कुत्री अंगावर येतात, घोटीकडून येणारे ट्रक पहाटे कोणत्या बाजूला उभे असतात, हे कुणी अहवाल म्हणून लिहीत नाही. ते गप्पांच्या ओघात येते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सायकलिंग कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते? अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या जेमतेम सव्वा किलोमीटरच्याही आतल्या स्मार्ट रोडच्या आराखड्यात सायकलसाठी मार्गिका होती. त्या मार्गिकेवर गाड्या उभ्या राहतात, असे लिहिणे हे सायकलिंग आहे. त्या तेथे कुणाच्या दुर्लक्षामुळे उभ्या राहतात, असे विचारणे हे राजकारण कसे ठरते? महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात खड्डा कुणाला दाखवायचा, पथदिवे बंद असल्याचे कुणाला सांगायचे, हा प्रश्न साध्या नागरिकापुढे खरोखर होता. निवडून आलेला माणूस नसताना रस्त्याचा रोजचा अनुभव असलेले, सुशिक्षित, शहराच्या सर्व भागांतले शेकडो लोक जेथे एकत्र होते, तेथेच ‘तक्रारी येथे नकोत’ असे बजावले जात होते. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून शहर ढवळून निघाले. पहाटेच्या सावलीतून आणि गारव्यातून रोज जाणाऱ्या सायकलस्वाराला त्या झाडांविषयी मत नसेल तर कुणाला असावे? त्याचे मत कोणत्याही बाजूचे असू शकते. साधुग्रामाची गरज मोठी आहे असे मानणारेही सायकल चालवतातच. दोघांनीही आपापले म्हणणे मांडले असते तर दोघांनाही विषय अधिक कळला असता.

‘राजकारण नको’ या दोन शब्दांच्या आड आणखी एक गोष्ट लपते, आणि तिच्याविषयी मी थोडे अधिक कठोरपणे लिहिणार आहे. मोठ्या राइडना प्रायोजक लागतात. टी-शर्टवर बांधकाम व्यावसायिकाचे, रुग्णालयाचे किंवा एखाद्या इच्छुक उमेदवाराचे नाव येते, मंचावर पाहुणे येतात, पदके वाटली जातात. यात गैर काही नाही, पैसा लागतोच. पण मग कुणी विचारते की, अंधारात घाटाकडे शंभर सायकली सोडताना मागून एक गाडी का नव्हती, मागचा लाल दिवा नसलेल्यांना निघू का दिले, नोंदणीच्या शुल्काचा हिशेब कधी मिळेल. आणि त्याला उत्तर मिळते की ग्रुपचे वातावरण बिघडवू नका, वैयक्तिक बोला. वैयक्तिक विचारलेल्या प्रश्नाला वैयक्तिक उत्तर मिळते, किंवा मिळत नाही, आणि बाकीच्या नव्याण्णव जणांना तो प्रश्न होता हेच कळत नाही. पुढच्या राइडलाही मागून गाडी नसते. आपल्या देशात सरकारवर टीका करण्याचे स्वातंत्र्य आपण मोठ्या आवाजात मागतो, पण ज्या संस्थेत आपण स्वतः आहोत, ज्या आयोजकाबरोबर आपण चहा घेतो, त्याच्याविषयी चारचौघांत प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची खरी परीक्षा अशा लहान ठिकाणी होते, आणि तेथे चुकीची किंमत एखाद्याच्या हाडांनी किंवा जिवाने मोजली जाऊ शकते.

येथे एक प्रामाणिक अडचण मान्य केली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने दिलेले स्वातंत्र्य प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या विरोधात आहे, आणि त्याच अनुच्छेदाने संघटना करण्याचेही स्वातंत्र्य दिले आहे. चार जणांनी मिळून काढलेल्या ग्रुपाला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार आहे, आणि ‘माझा मूलभूत हक्क हिरावला’ असे म्हणत कुणी अ‍ॅडमिनच्या अंगावर धावून जाणे योग्य नाही. माझा युक्तिवाद हक्काचा नसून शहाणपणाचा आहे. अधिकार असला तरी तो असा वापरावा का, एवढेच मी विचारतो आहे.

मोकळ्या बोलण्याचा पुरस्कार करणाऱ्यांनीही एका प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, आणि ते सहसा टाळतात: हे मोकळेपण कुणाला मिळते? नाशिकच्या अनेक ग्रुपांत स्त्रिया आहेत आणि त्या उत्तम सायकल चालवतात, पण लिहिणाऱ्यांत त्या फार थोड्या दिसतात. त्याचे कारण त्यांना बोलायला आवडत नाही हे नाही. एखादीने फोटो टाकला की तिच्या कपड्यांवर आणि शरीरावर ‘कौतुकाच्या’ चार ओळी येतात, एखादीने मार्गाविषयी मत दिले की तिला तीन जण तेच समजावून सांगतात. कुणाचा फोटो तिला न विचारता टाकणे, ती रोज कोणत्या रस्त्याने किती वाजता एकटी जाते हे उघड्यावर लिहिणे, किंवा सायकलिंगच्या अ‍ॅपवरच्या तिच्या नोंदीचा नकाशा सर्वांसमोर फिरवणे, हे सहज गप्पांत बसत नाही; तो तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तेथे अ‍ॅडमिनने तत्काळ आणि स्पष्टपणे हस्तक्षेप केलाच पाहिजे, आणि जो सुधारत नाही त्याला काढले पाहिजे. मी विषयांची बंदी नको म्हणतो ते वागणुकीला मर्यादा हवी असे मानूनच. ज्या ग्रुपात स्त्रिया निर्धास्तपणे असहमती लिहितात तो ग्रुप मोकळा. बाकीचे फक्त पुरुषांच्या सोयीचे असतात.

दुसरा वर्ग तर ग्रुपातही नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सकाळच्या पाळीला सायकलने जाणारा कामगार, डबा मागे बांधून, दिव्याविना, त्याच त्र्यंबक रस्त्याने जातो. त्याच्याइतका सायकलचा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही, आणि आपल्या बोलण्यात तो कधी येत नाही, कारण आपले बोलणे कार्बनच्या फ्रेमपासून सुरू होते. ‘फक्त सायकलिंग’ हा नियम कागदावर त्याला सामावून घेतो, पण व्यवहारात त्या नियमाचा अर्थ ‘फक्त आपल्यासारख्यांचे सायकलिंग’ असाच होऊन बसला आहे. काय कामाचे आणि काय अवांतर हे ठरवण्याचा अधिकार दोन-तीन जणांच्या हाती गेला की त्यांच्या नजरेपलीकडचे सारे अवांतर ठरते.

संदेश फार होतात, महत्त्वाची सूचना वाहून जाते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यावर उपाय सोपा आहे. सूचनांसाठी एक वेगळा ग्रुप असावा, त्यात फक्त वेळ, ठिकाण आणि बदल येतील, आणि बोलण्यासाठी दुसरा. २०२२ पासून एकाच छत्राखाली असे अनेक ग्रुप ठेवण्याची सोयही आली आहे. अट एकच: बोलण्याच्या ग्रुपात आयोजक हजर असले पाहिजेत आणि त्यांनी तेथे उत्तर दिले पाहिजे. नाहीतर तो ग्रुप गैरसोयीच्या माणसांना पाठवून देण्याची जागा बनतो, आणि काही ठिकाणी तसे झालेही आहे.

राहतो तो सर्वांत अवघड भाग, धर्म आणि पक्ष यांचा. येथे माझे म्हणणे सर्वांना पटणार नाही हे मी जाणतो. पक्षाचा प्रचार म्हणून रोज टाकलेली चित्रे ही जाहिरात आहे, आणि जाहिरातीला नकार देताना कुणाचाही आवाज दाबला जात नाही. एखाद्या समाजाविषयी तुच्छतेने लिहिलेले वाक्य काढावे, लिहिणाऱ्याला समज द्यावी. पण एखाद्या निर्णयाविषयी, निकालाविषयी किंवा आंदोलनाविषयी सदस्याने आपले मत स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि दुसऱ्याने त्याला विरोध केला, तर तेवढे सहन करण्याची ताकद आपल्यात आहे. ज्या शहरात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली, जेथे मे महिन्याच्या संध्याकाळी परस्परविरोधी विचारांच्या वक्त्यांना एकाच पटांगणात ऐकून घेतले जाते, तेथे दोनशे सायकलस्वारांना मतभेद झेपणार नाही असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. शिवाय सायकलस्वारांकडे असे एक बंधन आहे जे इतर गटांकडे नाही. सिन्नरच्या रस्त्यावर समोरून वारा असतो तेव्हा प्रत्येक जण पाळीपाळीने पुढे होतो आणि मागचा त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर, त्याच्या ब्रेकवर विश्वास ठेवून चालतो. रात्री ज्याच्याशी वाद घातला त्याच्याच मागे पहाटे निर्धास्तपणे सायकल चालवायची असेल, तर वाद घालतानाही माणूस जपून घालतो. मतभेद सोसण्याचा सराव करायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.

आणि कुणाला काढायचेच झाले तर ते कसे काढावे, याचीही रीत हवी. आज एक माणूस रात्री अकरा वाजता बोट दाबतो आणि सकाळी दुसऱ्याचे नाव नसते. कारण त्याला सांगितले जात नाही आणि इतरांनी विचारायचे नसते. नियम लिहिलेले असावेत, आधी एकदा इशारा द्यावा, निर्णय एकट्याने न घेता तीन जणांनी घ्यावा आणि त्यांत किमान एक स्त्री असावी, काढल्याचे कारण सर्वांना एका ओळीत कळावे, आणि काही महिन्यांनी परत येण्याचा मार्ग मोकळा असावा. आयोजकांवर टीका केली हे काढण्याचे कारण कधीही नसावे, आणि हे वाक्य नियमांतच लिहिलेले असावे.

सिंहस्थाच्या निमित्ताने २०२६-२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर यांच्या भोवतालचे रस्ते खोदले जाणार, रुंद होणार, वळवले जाणार आहेत, आणि सायकलस्वारांना कधी नव्हे इतकी एकमेकांच्या माहितीची गरज पडणार आहे. कोणत्या पुलापाशी खडीचा ढीग आहे हे सांगणारा आणि तो ढीग महिनाभर तेथेच का पडून आहे असे विचारणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. त्याच्या पहिल्या वाक्याचे आभार मानायचे आणि दुसऱ्या वाक्यासाठी त्याला बाहेर काढायचे, ही व्यवस्था टिकणार नाही, कारण थोड्याच दिवसांत तो पहिले वाक्यही लिहिणे बंद करील.